लग्न न करता मडगावच्या जोडीदाराला ब्रिटनला नेता येईल का?

हो, नेता येईल. तुमच्याकडे ब्रिटनचं सेटल्ड स्टेटस, म्हणजे तिथे कायम राहण्याचा हक्क आहे, त्यामुळे 'अनमॅरिड पार्टनर' म्हणून तिचा अर्ज गोव्यातूनच करा. एकत्र राहिल्याची अट 31 जानेवारी 2024 पासून गेली; आता किमान 2 वर्षांचं, लग्नासारखं नातं दाखवावं लागतं. म्हापशात मी हेच अर्ज भरून देतो, सगळी मदार कागदांवर असते. दर महिन्याला तिच्या खात्यात पाठवलेले पैसे, गोव्यात मोपा विमानतळावर उतरल्याचे बोर्डिंग पास, वेगळं का राहावं लागलं त्याचं साधं पत्र, सगळं तारखेनुसार लावा. नुसत्या फोटोंवर विसंबू नका, कळकळीनं सांगतो. मात्र तुमचं उत्पन्न साधारणपणे वर्षाला 29,000 पौंड तरी हवं.