गाडी दारात, मुलगा बसथांब्यावर

"मुलगा २१ वर्षांचा झाला, घरी मोटारसायकल उभी आहे, तरी तो ती शिकायचे नाव काढत नाही, त्याच्या मनात काही बिघाड तर नसेल ना?" तालुक्याच्या गावी समुपदेशनाचे काम करताना हा प्रश्न, थोड्याफार फरकाने, मला आता वरचेवर ऐकायला मिळतो. विचारणारे बहुधा वडील असतात आणि त्यांच्या आवाजात काळजीइतकीच लाजही असते, कारण आपल्याकडे खेड्यात मुलाला गाडी न येणे ही गोष्ट त्याच्या एकट्यापुरती राहत नाही, ती सोयरिकीच्या बोलण्यापर्यंत जाते. येथे सांगितलेला अनुभव यवतमाळ जिल्ह्यातील एका शेतकरी कुटुंबाचा आहे. कुटुंबाच्या संमतीने तो लिहीत असून ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, आणि मुलाला कोणतेही नाव न देता केवळ मुलगा असेच म्हटले आहे.

कापूस, तूर आणि सोयाबीनची कोरडवाहू शेती, आजी, आईवडील, हा मुलगा आणि बारावीत शिकणारी त्याची बहीण असे हे घर. गाव डांबरी रस्त्यापासून आत आहे. मुलगा बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होता, सोबत पोलीस भरतीची तयारी करत होता आणि रोज फाट्यापर्यंत पायी जाऊन तेथून एसटीने किंवा काळी-पिवळीने कॉलेज गाठत होता. वडिलांचा गुडघा दुखू लागल्यापासून गाडीला किक मारणेही त्यांना जड जात होते. मुलाला बाहेर बसवून ते मला म्हणाले, "मॅडम, गाडी घरी उभी हाये अन् हा फाट्यावर यष्टीची वाट पायते. संपात यष्टी बंद होती तवाही शिकला नाही. लायसनचं इचारलं का पुढच्या महिन्यात म्हणते. याले काही बिमारी तं नाही ना?" एसटी कर्मचाऱ्यांचा तो संप ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू होऊन एप्रिल २०२२ पर्यंत चालला होता, आणि त्या काळातही मुलगा मिळेल त्या वाहनात मागे लटकून जात राहिला, हे वडिलांच्या मनात खोल रुतले होते. मुलाने शिकाऊ परवाना मात्र काढला होता. महाराष्ट्रात २०२१ पासून आधार जोडून घरबसल्या परीक्षा देता येते, तशी ती त्याने मोबाईलवर दिली होती. परवान्याची सहा महिन्यांची मुदत संपली, त्याने पुन्हा काढला, तोही संपला, आणि एवढ्या काळात तो गाडीवर बसला नाही.

घरात या वागण्याचे तीन अर्थ लावले गेले होते. वडिलांच्या मते हा आळस होता आणि त्याचे मूळ मोबाईलमध्ये होते. आईच्या मते लेकराला भीती बसली होती. आणि गावातल्या पारावर "बाईमाणसासारखा मागे बसते" असा तिसरा अर्थ चालत असे, तो मुलाच्या कानापर्यंत पोहोचलेला होता. मोबाईलला दोष देणे सोपे असते, म्हणून मी त्या उत्तरापासून जरा सावध असते. भरतीसाठी पहाटे उठून धावणारा, सोयाबीनच्या हंगामात दिवसभर वावरात राबणारा मुलगा केवळ एका बाबतीत आळशी असेल, तर त्या एका बाबतीत काय आहे हे पाहिले पाहिजे.

"उशीर" हा शब्द आपण कशाच्या तुलनेत वापरतो, हेही वडिलांशी बोलून घ्यावे लागले. त्यांच्या पुतण्याने चौदाव्या वर्षी गाडी हाती घेतली होती आणि घरात तेच प्रमाण मानले जात होते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार गिअरची मोटारसायकल चालवण्याचे किमान वय १८ आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गुन्हा केला, तर पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. पोलीस भरतीची स्वप्ने पाहणाऱ्या मुलाला हे सगळे पाठ होते. म्हणजे घराच्या हिशेबाने सात वर्षांचा असलेला उशीर कायद्याच्या हिशेबाने तीन वर्षांचा होता, आणि त्यातली सुरुवातीची काही वर्षे कोरोना आणि संपात गेली होती.

पुण्यात नोकरी करणाऱ्या भाच्याने वडिलांना फोनवर सांगितले होते की, परदेशातली मुलेही आता गाडी उशिरा शिकतात, त्यात काळजी करण्यासारखे काही नाही. ही माहिती खरी आहे. अमेरिकेत १९८३ साली १६ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ४६ टक्के मुलांकडे परवाना होता, तो आकडा २०१४ पर्यंत २५ टक्क्यांच्या खाली आला. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये परवाना नसलेल्या १८ ते ३९ वयाच्या लोकांना कारण विचारले, तेव्हा सर्वांत अधिक लोकांनी वेळ नसल्याचे सांगितले, त्याखालोखाल वाहन बाळगण्याचा खर्च आणि दुसऱ्या कुणाच्या गाडीतून जाण्याची सोय ही कारणे आली. वडिलांना या माहितीने धीर आला नाही, आणि मला ते योग्यच वाटले. तेथे गाडी नसली तरी अनेकांना शहर बस असते; येथे सायंकाळची शेवटची एसटी चुकली की फाट्यावर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करावा लागतो. इतकी गैरसोय सोसूनही मुलगा शिकत नसेल, तर न शिकण्यातून त्याला काहीतरी मिळत असले पाहिजे, असे मला वाटू लागले.

मुलाला एकट्याला भेटले, तेव्हा मी भीतीपासून सुरुवात केली. गाडीच्या मागे बसल्यावर छातीत धडधडते का, हात गार पडतात का, अपघाताची चित्रे डोळ्यांपुढे येतात का, असे प्रश्न मी विचारले आणि सगळ्यांना नाही असे उत्तर आले. बोलता बोलता त्याने सहज सांगितले की, वावरात तो काकांचा ट्रॅक्टर चालवतो, वखरणीही करतो. क्लच, गिअर, वळण यांपैकी कशाचीच त्याला अडचण नव्हती. मग मी प्रश्न बदलला. गाडी आली, परवाना खिशात आला, तर त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून काय काय होईल, ते क्रमाने सांगायला सांगितले. त्याला विचार करावा लागला नाही. सकाळी बहिणीला कॉलेजला सोडायचे, कृषी केंद्रातून फवारणीचे औषध आणायचे, दळण, आजीला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यायचे, बाजाराच्या दिवशी आईला, लग्नसराईत साऱ्या भाऊबंदांना. आणि चुलतभावाचे उदाहरण त्याच्या डोळ्यांसमोर होते: आयटीआयला प्रवेश मिळूनही वर्ष पुरे न करता तो घरी बसला होता, कारण घरात गाडी चालवणारा तो एकटाच होता आणि रोज कुणाला ना कुणाला कुठेतरी जायचे असायचे. "मॅडम, गाडी आली का मंग मी घरचा ड्रायव्हर," मुलगा म्हणाला. "बाबाले नाही कसं म्हणू? गाडी येत नाही म्हटलं का इषयच संपते."

हे प्रकरण मला महत्त्वाचे वाटते ते या वाक्यासाठी. ज्या घरात वडीलधाऱ्यांना थेट नकार देणे उद्धटपणा मानला जातो, तेथे "मला येत नाही" हा एकमेव सभ्य नकार उरतो, आणि तो टिकवायचा असेल तर खरोखरच न येणे भाग पडते. मुलाने हे ठरवून केले होते असे मी म्हणणार नाही. पुढच्या महिन्यात शिकू असे तो म्हणत असे तेव्हा ते त्याला खरेच वाटत असे, म्हणून तर त्याने परवाना दोनदा काढला. पण प्रत्येक वेळी टाळल्यानंतर जी मोकळीक वाटत असे, तिने टाळण्याची सवय घट्ट होत गेली. अभ्यासाचे तास आणि मैदानावरची पहाट त्याने या किमतीत वाचवली होती, आणि पारावरचे बोलणे ही त्याने मोजलेली किंमत होती.

एकत्र भेटीत वडिलांना हे ऐकवणे सोपे नव्हते. "आमी का त्याले गडी समजतो?" असे ते चिडून म्हणाले, आणि त्यांची बाजूही खरी होती, दुखऱ्या गुडघ्याने शेत सांभाळणाऱ्या माणसाने मुलाकडून मदतीची अपेक्षा केली तर त्यात अन्याय नाही. म्हणून मी चर्चा भावनांवर न ठेवता कामांवर आणली. आठवड्यातली कोणती कामे गाडीशिवाय होतच नाहीत, कोणती एसटीने होतात, कोणती केवळ सवयीने "गाडीवाल्या"वर पडतात, हे आईने सांगितले आणि आम्ही कागदावर लिहिले. आईच्या बाजाराला बसमध्ये मार्च २०२३ पासून महिलांना मिळणारी अर्धी सवलत पुरेशी होती. बहिणीकडे पास होता. उरलेल्या खऱ्या निकडी दोन होत्या: रात्री-अपरात्री दवाखाना आणि फवारणीच्या हंगामातली धावपळ. मुलाने या दोन्ही मान्य केल्या, त्या बदल्यात भरतीची परीक्षा होईपर्यंत सकाळचा वेळ आणि कॉलेजचे तास त्याचे राहतील असे ठरले, आणि हे वडिलांनी स्वतःच्या तोंडाने सांगावे एवढा आग्रह मी धरला.

येथे गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. प्रत्यक्षात नकाराची गरज संपल्यावर मुलगा पहिल्यांदा हँडल धरून डांबरी रस्त्याच्या तोंडाशी आला, आणि समोरून ट्रक येताना पाहून त्याचे हात थरथरू लागले. वर्षानुवर्षे रस्त्यावर गाडी न नेल्यामुळे तेथे भीती आहे की नाही हे त्याला स्वतःलाच कळले नव्हते. आईचे म्हणणे इतके दिवस आम्ही बाजूला ठेवले होते, त्यात तथ्य होते. वर्गातला एक मित्र संध्याकाळी घरी येताना रोही, म्हणजे नीलगाय, आडवा आल्याने पडला होता आणि त्याचा पाय कायमचा अधू झाला होता, हे मुलाने तेव्हा सांगितले. अशी भीती निराधार म्हणून झटकून टाकता येत नाही. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, त्यांतील ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. मुलाला मी हेच सांगितले की, रस्त्याची थोडी भीती असणे उपयोगाचे आहे. हात थरथरवणारी भीती मात्र कमी करावी लागेल, आणि ती दूर राहून कमी होत नाही, हळूहळू जवळ जाऊन होते.

त्यासाठी आम्ही पायऱ्या ठरवल्या. तुरी निघाल्यावर पांदण, म्हणजे शेताकडे जाणारी कच्ची वाट, वाळलेली असते, काळ्या मातीचा चिखल नसतो, तेव्हा आधी पांदणीवर, मग गावातून, मग दुपारी वर्दळ नसताना डांबरी रस्त्यावर आणि शेवटी तालुक्याच्या गावात. एका पायरीवर धडधड ओसरेपर्यंत तेथेच राहायचे, ती वाढली म्हणून घरी परतायचे नाही, गाडी बाजूला घेऊन थांबायचे, श्वास सावकाश सोडायचा आणि धडधड कमी झाल्यावर पुढे निघायचे, हा नियम होता. हेल्मेट पहिल्या दिवसापासून, पांदणीवरसुद्धा. मृगाचा पाऊस लागण्याआधी रस्त्याची पायरी पार व्हावी असा बेत होता. शिकवायला वडील नकोत, हेही मीच सुचवले. प्रेम असलेली माणसे शेजारी उभी राहून फार मोठ्याने ओरडतात. गावातले एक निवृत्त एसटी चालक तयार झाले. मुलाने शिकाऊ परवाना पुन्हा नव्याने काढला. शिकाऊ परवान्यावर मोटारसायकलच्या मागे शिकवणाऱ्याखेरीज कुणालाही बसवता येत नाही, हा नियम या काळात मुलाच्या फार कामी आला, कारण ओट्यावरून कुणी "मले फाट्यापर्यंत सोड ना बाप्पा" म्हटले की त्याच्याकडे उत्तर तयार होते.

शिकाऊ परवाना मिळाल्यापासून ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. त्याने घाई केली नाही, मुदतीच्या शेवटच्या महिन्यात दिली आणि तो उत्तीर्ण झाला. घरचा करार मात्र जसाच्या तसा टिकला नाही. सोयाबीन काढणीच्या दिवसांत वडिलांनी त्याला सकाळीच दोनदा तालुक्याला पाठवले. तिसऱ्या वेळी त्याने आज जमणार नाही असे सांगितले आणि घरात दिवसभर अबोला राहिला. वडिलांनी ही तक्रार म्हणून मला सांगितली. मी तिची नोंद प्रगती म्हणून केली. अंधार पडल्यावर तो अजून गाडी काढत नाही, आणि रोही व रानडुकरांच्या त्या रस्त्यावर ही सवय मोडायला मी त्याला सांगितलेले नाही.

अशी तक्रार घेऊन येणाऱ्या पालकांना मी आता आधी विचारते की, मुलगा बाकीच्या गोष्टी कशा करतो. तो घराबाहेर पडणेच टाळत असेल, झोप आणि जेवण बिघडले असेल, किंवा अपघात पाहिल्यापासून दचकून उठत असेल, तर गाडीचा विषय बाजूला ठेवून तज्ज्ञांना दाखवावे. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीतही विनामूल्य बोलता येते. तसे काही नसेल, तर गाडी आल्यावर घर त्याच्याकडून काय काय मागणार आहे, हे घराने आधी स्वतःला विचारावे. या घरात तो प्रश्न आता दुसऱ्या बाजूने उभा राहिला आहे. बहिणीला १८ वर्षे पूर्ण झाली आहेत, तिला शिकायचे आहे, आणि गाडी आता दादाची झाली असल्याने तिला हात लावू द्यायला तो आणि वडील दोघेही तयार नाहीत. पुढच्या भेटीला आई तिला घेऊन येणार आहे.