सिव्हिलवाली मुलगी आणि पेशी

प्रश्न : मुलगी सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, आता म्हणते पेशींवर रिसर्च करायचाय. बीम-कॉलम शिकून पेशींचं काय करणार, चार वर्षं वाया गेली ना? – एक आई, ऐरोली

उत्तर : ताई, अजिबात वाया नाही गेली. आपल्याकडे गणपतीचा मांडव घालतात तेव्हा जरा उभं राहून बघा, बांबू दाब सोसतात आणि दोऱ्या ताण सोसतात, दोन्ही मिळून मांडव उभा राहतो. पेशीच्या आतही असंच काहीतरी आहे, साधारण २५ नॅनोमीटर जाडीच्या पोकळ नळ्या, मायक्रोट्यूब्यूल्स म्हणतात त्यांना, आणि ७ नॅनोमीटरचे अ‍ॅक्टिनचे प्रथिनाचे धागे; नळ्या बांबूंसारखा दाब सोसतात, धागे दोऱ्यांसारखा ताण, आणि हे गणित स्ट्रक्चर्सवाल्यांनाच नीट कळतं. डोनाल्ड इंगबर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी ही ताण-दाबाची कल्पना पेशीला लावून दाखवली.

मला सगळ्यात भारी वाटतो तो २००६ चा प्रयोग. डेनिस डिशर या शास्त्रज्ञांच्या टीमने एकाच प्रकारच्या स्टेम सेल्स, म्हणजे ज्यांच्यापासून वेगवेगळ्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशी, वेगवेगळ्या कडकपणाच्या जेलवर (जेलीसारख्या थरावर) वाढवल्या, तर मेंदूसारख्या मऊ जेलवरच्या चेतापेशींसारख्या व्हायला लागल्या, मधल्या जेलवरच्या स्नायूंसारख्या आणि कडकवरच्या हाडासारख्या. म्हणजे पेशी पायाखालची जमीन चाचपून बघते हो! कॅन्सरची गाठ हाताला टणक लागते, तिथेही हाच कडकपणाचा विषय येतो.

तिला फक्त बायोलॉजीचा पाया पक्का करावा लागेल, त्यात थोडा वेळ जाईल. पवईला आयआयटीत बायोइंजिनिअरिंगचा विभाग आहे, ऐरोलीहून लांब नाही, एकदा तिला घेऊन तिथल्या प्राध्यापकांना भेटून या.