प्रशिक्षण-प्रणालीत व्हिडिओ चढवण्यापूर्वी
गोव्यातील वेर्ण्याच्या कारखान्यातील कामगारांसाठी तुम्ही मूडल या ऑनलाइन प्रशिक्षण-प्रणालीवर सुरक्षा-प्रशिक्षणाचे व्हिडिओ चढवणार असाल, तर आधी फाइलचे स्वरूप पाहावे, एच.२६४ पद्धतीने साठवलेले चित्र आणि एएसी पद्धतीने साठवलेला ध्वनी असलेली एमपी४ फाइल आजच्या जवळजवळ सर्व ब्राउझरमध्ये चालते. सेकंदाला १.५ मेगाबिट या दराने १० मिनिटांची फाइल सुमारे ११० मेगाबाइटची होते, आणि सर्व्हरची मर्यादा त्याहून कमी असेल, तर ती केवळ मूडलच्या सेटिंगमध्ये वाढवून भागत नाही, मूडल ज्या संगणक-भाषेवर चालते त्या पीएचपीमधील अपलोडच्या मर्यादाही वाढवाव्या लागतात.

खरी अडचण नोंदीची आहे. ‘पाहिले की पूर्ण’ एवढीच अट ठेवली, तर कामगाराने पान उघडताच पाठ पूर्ण झाल्याची नोंद होते, मग व्हिडिओ त्याने पाहिलेला असो वा नसो. म्हणून एच५पी या मूडलला जोडता येणाऱ्या साधनाच्या इंटरॅक्टिव्ह व्हिडिओत मध्येमध्ये प्रश्न घालावेत आणि पूर्णतेची अट गुणांशी जोडावी. थोडे जास्त काम पडते, पण तपासणीच्या वेळी हीच नोंद उपयोगी ठरते.

उपशीर्षके वेबव्हीटीटी या उपशीर्षकांसाठीच्या मजकूर-फाइलमध्ये वेगळी द्यावीत, म्हणजे एकाच व्हिडिओला मराठी, कोंकणी आणि हिंदी अशा तिन्ही जोडता येतात. आणीबाणीचे दूरध्वनी क्रमांक मात्र चित्रात न घालता खालच्या मजकुरात लिहावेत, कारण चित्रातले क्रमांक बदलले की पुन्हा चित्रीकरण करावे लागते.