अमेरिकन क्रांतीच्या आधी धार्मिक पुस्तके छापणारे मुद्रक राजकारणापासून अलिप्त राहिले होते का?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. १७७६ पूर्वी अमेरिकेतील ब्रिटिश वसाहतींत धार्मिक मजकूर अधिक छापला जात होता की राजकीय, ही पहिली. आणि बायबल, स्तोत्रे, प्रवचने छापणारे मुद्रक राजकारणापासून अलिप्त राहिले होते का, ही दुसरी. पहिलीचे उत्तर मी थोडक्यात उरकणार आहे, कारण दुसऱ्या प्रश्नावरून आमच्या घरात अनेक वर्षे वाद चालू आहे आणि तो कोणी परक्याने विचारलेला दिसल्यावर गप्प बसणे मला जमत नाही.

आरंभी अर्थातच धार्मिक मजकूर अधिक होता. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे पहिला छापखाना उभा राहिला आणि १६४० मध्ये तेथून निघालेले, पुस्तक म्हणावे असे पहिले पुस्तक स्तोत्रांचे होते. त्यानंतर सव्वाशे वर्षे प्रवचने, स्तोत्रे, मुलांच्या धर्मशिक्षणाच्या प्रश्नोत्तऱ्या यांवर मुद्रकांची चूल पेटत होती. जोडीला विधिमंडळाचे कायदे, कोरे सरकारी नमुने आणि दरवर्षीची पंचांगे होती. १७६५ मध्ये लंडनच्या संसदेने वसाहतींतील छापील कागदांवर कर लावणारा मुद्रांक कायदा केला आणि त्यानंतर राजकीय पत्रकांचे प्रमाण झपाट्याने वाढले. मात्र धार्मिक आणि राजकीय असे दोन ढीग करून मोजायला बसलात, तर पहिल्याच दिवशी अडाल.

बोस्टनचे धर्मोपदेशक जोनाथन मेह्यू यांनी जानेवारी १७५० मध्ये, पहिल्या चार्ल्स राजाच्या शिरच्छेदाच्या वार्षिक दिनाच्या निमित्ताने, एक प्रवचन दिले. आधार होता बायबलमधील रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायाचा, ज्यात सत्तेच्या अधीन राहावे असे सांगितले आहे. मेह्यूंनी त्याचा अर्थ असा लावला की हा उपदेश प्रजेचे कल्याण करणाऱ्या राज्यकर्त्यापुरता आहे, जुलमी राजाला तो लागू होत नाही. हे प्रवचन बोस्टनच्या डॅनियल फाउल यांनी छापले. आता हे कोणत्या ढिगात टाकणार? याच फाउलना पुढे १७५४ मध्ये विधिमंडळाची टिंगल करणारे पत्रक छापल्याच्या संशयावरून तुरुंगात टाकण्यात आले. शिवाय मॅसॅच्युसेट्समध्ये दरवर्षी निवडणुकीच्या दिवशी गव्हर्नर आणि विधिमंडळ यांच्यासमोर प्रवचन होत असे आणि ते सरकारी खर्चाने छापून वाटले जात असे. तेथे धर्म आणि राजकारण एकाच व्यासपीठावर उभे होते आणि छपाईचे बिलही एकच होते.

आमच्या वादाची हकीकत येथे सांगितली पाहिजे. सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी वडिलांनी सुरू केलेला आमचा खिळ्यांचा, म्हणजे शिशाची सुटी अक्षरे जुळवून छापण्याचा, छापखाना होता. एक ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचे छपाईयंत्र, खिळे ठेवायच्या खणांच्या केसेस, प्रुफे काढायचे एक जुनाट यंत्र आणि मागच्या खोलीत कागदाची रिमे, एवढाच संसार. आरतीसंग्रह, सत्यनारायणाची पोथी, दिंडीच्या निमंत्रणपत्रिका, लग्नपत्रिका आणि पतपेढीची पावतीपुस्तके हे आमचे नेहमीचे काम. वडिलांच्या पश्चात थोरले बंधू, म्हणजे दादा, गल्ल्यावर बसत आणि मी खिळे जुळवणारा जुळारी. ‘देवाचे काम करणारे मशीन आहे, त्यावर राजकारण चढवायचे नाही,’ हे त्यांचे ब्रीद होते आणि ते गिऱ्हाइकांना मोठ्या अभिमानाने सांगत.

एका पावसाळ्यात धरणात जमीन गेलेल्या गावांतील एक कीर्तनकार बुवा पत्रक छापायला घेऊन आले. वर दोन अभंग, त्याखाली त्यांचे निरूपण आणि त्याच ओघात पुनर्वसनाच्या मागण्या व मोर्चाची तारीख, असा तो मजकूर होता. मी जुळवायला घेतला. अभंग मोठ्या टायपात, निरूपण लहान टायपात, मध्ये लेड, म्हणजे शिशाच्या पट्ट्या, टाकून जागा मोकळी सोडलेली. गॅलीत, म्हणजे जुळवणीच्या तबकात, खिळ्यांना सुतळी बांधून मी ओल्या कागदावर प्रूफ काढले आणि बुवांच्या हातात दिले. त्यांनी चष्मा पुसून ते उभ्याउभ्या वाचले आणि एक अनुस्वार दाखवला. तेवढ्यात दादा आले. त्यांनी प्रूफ वाचले, माझ्याकडे न पाहता सुतळी सोडली आणि म्हणाले, ‘अभंग छापून देतो, पैसेही घेणार नाही. खालचे काढ.’ बुवा शांतपणे म्हणाले, ‘मालक, खालचे त्या अभंगातूनच निघाले आहे.’ दादांनी ऐकले नाही. बुवांनी प्रुफाची घडी करून खिशात ठेवली आणि ते तालुक्याच्या दुसऱ्या टोकाच्या छापखान्यात निघून गेले. मला जुळवलेला मजकूर सोडून खिळे परत केसमध्ये टाकावे लागले. त्या संध्याकाळी आम्हा दोघांत जे बोलणे झाले, ते ऑफसेट आल्यावर छापखाना बंद झाला तरी संपलेले नाही. दादांचे म्हणणे, धर्माचे काम करणाऱ्याने बाजू घ्यायची नसते. माझे म्हणणे, त्या दिवशी आपण बाजू घेतलीच होती. फक्त ती धरण बांधणाऱ्यांची होती.

अमेरिकन मुद्रकांचा इतिहास मी मुळात या भांडणासाठीच वाचायला घेतला, हे लपवण्यात अर्थ नाही. दादाही स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी जर्मनटाउनच्या सॉवर घराण्याचा दाखला शोधून काढला, जो आपल्या प्रश्नाच्या गाभ्याशी आहे आणि वरवर पाहता त्यांच्याच बाजूचा आहे.

फिलाडेल्फियाजवळच्या जर्मनटाउनमध्ये ख्रिस्टोफर सॉवर यांनी १७४३ मध्ये जर्मन बायबल छापले. युरोपीय भाषेतील बायबल अमेरिकेत छापले गेल्याची ही पहिलीच वेळ. १२०० प्रती निघाल्या आणि टाइप फ्रँकफर्टहून आला होता. इंग्रजी बायबल तेव्हा वसाहतीत छापता येत नव्हते, कारण तो हक्क इंग्लंडमधील राजमुद्रकांच्या मक्तेदारीत होता. संपूर्ण इंग्रजी बायबल तेथे निघायला १७८२ साल उजाडले. सॉवर यांच्या मुलाने, त्याचेही नाव ख्रिस्टोफरच, १७६३ आणि १७७६ मध्ये पुढील आवृत्त्या काढल्या. हा मुलगा शस्त्र न धरणाऱ्या ब्रेदरेन पंथाचा वडीलधारा उपदेशक होता आणि त्याने कोणत्याही सरकारशी निष्ठेची शपथ घेण्यास नकार दिला. १७७८ मध्ये त्याला पकडून नेले, दाढी कापून त्याची विटंबना केली आणि छापखान्यासह सर्व मालमत्ता जप्त करून लिलावात विकली. १७७६ च्या बायबलचे न बांधलेले छापील ताव बंदुकीच्या काडतुसांसाठी वापरले गेले, अशी आख्यायिका त्या आवृत्तीला कायमची चिकटली आहे. दादांचा युक्तिवाद असा, की हा माणूस अलिप्त होता आणि राजकारण करणाऱ्यांनी त्याला जगू दिले नाही. दोष अलिप्ततेचा नव्हे, राजकारणाचा.

त्याच्यावर झालेला अन्याय मला पूर्ण मान्य आहे. पण तो छापखाना अलिप्त होता, हे साफ चूक आहे. थोरले सॉवर आपल्या जर्मन वृत्तपत्रातून १७४०-५० च्या दशकांत पेनसिल्व्हेनियातील जर्मन शेतकऱ्यांना मत कोणाला द्यावे हे सांगत होते, आणि ते सैन्यखर्चाला विरोध करणाऱ्या, क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या पक्षाला द्यावे असे सांगत होते. त्यांचा प्रभाव इतका होता की फिलाडेल्फियाचे मुद्रक आणि राजकारणी बेंजामिन फ्रँकलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मोडण्यासाठी प्रतिस्पर्धी जर्मन छापखान्याला पाठबळ दिले. मग युद्धकाळात, फिलाडेल्फिया ब्रिटिशांच्या ताब्यात असताना, धाकट्या सॉवरच्या मुलांनी तेथे ब्रिटिशांच्या बाजूचे जर्मन वृत्तपत्र चालवले. एकाच मुद्रक घराण्याचे हे तीन पिढ्यांचे राजकारण आहे. बायबल छापून जी पत मिळाली, तीच पत मतदानाच्या सल्ल्यामागे उभी होती.

मुद्रांक कायद्याकडेही याच अंगाने पाहावे. वृत्तपत्र, जाहिरात, पुस्तिका आणि पंचांग या सर्वांवर त्याने कर लावला; प्रत्येक जाहिरातीवर दोन शिलिंग, आणि इंग्रजीखेरीज अन्य भाषेत मजकूर असेल तर कर दुप्पट. ज्याने आयुष्यात एकही राजकीय ओळ छापली नव्हती, त्या पंचांगवाल्याच्या गल्ल्यातही लंडनच्या संसदेने हात घातला. त्याला राजकारणात कोणी ओढले, हे दादांनी मला सांगावे. कायदा लागू होण्याच्या आदल्या दिवशी, ३१ ऑक्टोबर १७६५ रोजी, फिलाडेल्फियाच्या विल्यम ब्रॅडफर्ड यांनी आपले वृत्तपत्र थडग्याच्या शिळेच्या आकारात, वर कवटी आणि हाडे घालून छापले.

क्रांतीच्या उंबरठ्यावर तर दोन्ही मजकूर एकमेकांत पुरते मिसळले होते. जानेवारी १७७६ मध्ये रॉबर्ट बेल या स्कॉटिश मुद्रकाने थॉमस पेनची ‘कॉमन सेन्स’ ही पुस्तिका छापली. राजेशाहीविरुद्धच्या या पुस्तिकेचा मोठा भाग बायबलच्या आधारावर उभा आहे: गिदोनाने राज्य नाकारले, आणि शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात इस्राएल लोकांनी राजा मागितला तेव्हा देवाची नाराजी झाली, हे दाखले पेन पानेच्या पाने चालवतो. पुढे याच माणसाने संघटित धर्मावर कडाडून टीका केली, हे लक्षात घेतले म्हणजे वाचक कोण आहे याचे त्याचे भान किती पक्के होते ते कळते. (बेल आणि पेन यांचे नफ्यावरून लगेच वाजले. कॅनडातील क्वेबेकच्या स्वारीवरील बंडखोर सैनिकांना हातमोजे घेण्यासाठी पेनला आपला वाटा हवा होता आणि नफा झालाच नाही असे बेल म्हणत होता. मुद्रकाच्या घरी जन्मलेल्याला यात नवल वाटणार नाही.) क्वेकरांनी बंडाविरुद्ध आपले निवेदन छापले, तेव्हा ब्रॅडफर्डकडून निघालेल्या वाढीव आवृत्तीत पेनने त्यांना स्वतंत्र उत्तर जोडले. न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स इंग्लिस या अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या, धर्मगुरूने पेनचे खंडन लिहिले. सॅम्युअल लाउडन ते छापत असताना जमावाने घुसून छापील प्रती नेल्या आणि जाळल्या. लाउडन स्वतः वसाहतवाल्यांच्याच बाजूचा होता, तरी त्याला ते भोवले.

दादांचा दुसरा आवडता आधार फ्रँकलिनचा आहे. १७३१ मध्ये बार्बाडोसला जाणाऱ्या जहाजाच्या जाहिरातीत ‘काळे झगेवाल्यांना’, म्हणजे धर्मगुरूंना, घेणार नाही अशी ओळ होती आणि ती छापल्याबद्दल धर्मोपदेशक खवळले. फ्रँकलिनने उत्तर दिले, की मतभेद असतील तेथे दोन्ही बाजू लोकांपुढे याव्यात, कोणालाच न दुखावणारे तेवढेच छापायचे ठरवले तर फारसे काही छापलेच जाणार नाही, आणि या कामाचे मला पाच शिलिंग मिळाले, जे रागावलेल्यांपैकी कोणी न छापण्यासाठी दिले नसते. दादा यातला ‘मुद्रक कोणाचा नसतो’ एवढाच भाग उचलतात. पण फ्रँकलिन दोन्ही बाजू छापा म्हणत होता. दादांनी एक बाजू गॅलीवरून काढून टाकली होती. बोस्टनच्या आयझाया थॉमसनेही १७७० मध्ये वृत्तपत्र काढले आणि त्यावर ‘सर्व पक्षांना खुले, कोणाच्या प्रभावाखाली नाही’ असे ब्रीद मिरवले. एप्रिल १७७५ मध्ये लेक्सिंग्टन येथे युद्धाची पहिली गोळी सुटण्याच्या दोन-तीन रात्री आधी त्याला आपला छापखाना गुपचूप वुस्टरला हलवावा लागला, कारण तोवर त्याचे वृत्तपत्र उघडपणे बंडखोरांचे झाले होते. ब्रीद राहिले मागे.

आता काही मर्यादाही सांगतो. मी बोस्टन, न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया या परिसराविषयीच लिहिले आहे. दक्षिणेत चित्र वेगळे होते. व्हर्जिनियात १७६६ पर्यंत एकच छापखाना होता आणि तो गव्हर्नरच्या मर्जीत होता, म्हणून पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला थॉमस जेफर्सन आणि त्याच्या मित्रांनी विल्यम रिंड या मुद्रकाला मेरीलँडहून बोलावून घेतले. तसेच ‘कॉमन सेन्स’च्या १,२०,००० प्रती खपल्याचा आकडा स्वतः पेनचा आहे आणि अभ्यासकांनी त्यावर शंका घेतलेली आहे, तेव्हा तो उत्तरपत्रिकेत ठोकून देऊ नका. पुस्तिकांनी क्रांती घडवली, असेही मी म्हणत नाही. कर, व्यापार आणि सैन्याची उपस्थिती ही कारणे आपल्याला ठाऊकच आहेत. आणि लहान गावात एकाच यंत्रावर घर चालवणाऱ्याला भीती वाटते, हेही खरे आहे. दादांना भीती वाटली असे त्यांनी म्हटले असते, तर मी त्या संध्याकाळी एक शब्द बोललो नसतो. त्यांनी देवाचे नाव पुढे केले.

आपण या विषयावर निबंध लिहिणार असाल तर माझा सल्ला असा, की पुस्तकाचे नाव पाहून त्याला धार्मिक किंवा राजकीय ठरवू नका. ते कोणी छापले, पैसे कोणी दिले, आणि त्याच आठवड्यात त्याच यंत्रावर आणखी काय चढले होते, हे आधी पाहा. आपल्याकडचेच उदाहरण घ्या: मुंबईत अमेरिकन मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारकांचा छापखाना उभा राहिला तो बोस्टनच्या मिशन मंडळाच्या पैशावर, आणि तेथील छपाई पाहून गणपत कृष्णाजी या व्यवसायाकडे वळले व १८३१ मध्ये त्यांनी हिंदू पंचांग छापले. मिशनऱ्यांच्या देणगीदारांना हे कितपत रुचले असते, ते दादांना विचारून झाले आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.