गाडी राहू दे, आधी नॅव्हिगेटर शोध

कार रॅलीत उतरायचंय म्हणतोस, तर नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर रात्री गाडी पळवणं म्हणजे रॅलीचा सराव नव्हे, हे आधी डोक्यात घे. खरा वेग स्पेशल स्टेजवर, म्हणजे रॅलीच्या वाहतुकीला बंद केलेल्या टप्प्यावर. तिथे रोल केज (गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणारा लोखंडी सांगाडा), हेल्मेट, एफएमएससीआय या मोटरस्पोर्टच्या राष्ट्रीय संघटनेचं लायसन्स हवं. आणि खिसाही. तू टीएसडी प्रकारच्या रॅलीपासून सुरुवात कर, म्हणजे टाइम, स्पीड, डिस्टन्स. घरचीच गाडी चालते. ठरवून दिलेला सरासरी वेग राखायचा. उशिरा पोचलास तरी दंडाचे गुण, लवकर पोचलास तरी.

म्हणून शेजारी हिशोबाला पक्का माणूस, म्हणजे नॅव्हिगेटर लागतो. ताशी ३६ म्हणजे किलोमीटरला १०० सेकंद, ४५ म्हणजे ८०. ही आकडेमोड हलत्या गाडीत, ट्युलिप चार्टवरची (प्रत्येक वळणाचं छोटं चित्र असलेल्या मार्गपत्रिकेवरची) वळणं वाचता वाचता करायची. गाडीत वाचताना ज्याला मळमळतं तो जिवलग मित्र असला तरी नको.

एखाद्या रविवारी पहाटे उरणच्या बाजूला जा (मर्यादेतल्या वेगानेच!) आणि किलोमीटरच्या दगडांवरून तुझा ओडोमीटर किती चुकतो ते लिहून ठेव. १० किलोमीटरमागे १०० मीटरचा फरक म्हणजे ताशी ३६ ला सरळ १० सेकंदांची चूक. टायरमधल्या हवेनेही हा आकडा हलतो, तेव्हा निघण्याआधी प्रेशर तपास.