किरण ही जेट प्रोव्होस्टची नक्कल आहे का?

बंगळूरच्या एचएएल (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) संग्रहालयात तुम्ही लेकीसोबत किरण, म्हणजे एचएएलचंच जेट प्रशिक्षण विमान, पाहिलंत. पाटीवर माहिती थोडकीच होती आणि शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "हे ब्रिटिशांच्या जेट प्रोव्होस्ट या प्रशिक्षण विमानावरून उचललंय." ते खरं का, आणि दोन वैमानिक शेजारी शेजारी का बसतात, हे तुम्ही विचारलंय. मी हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारा, होतो आणि त्यातली बरीच वर्षं किरणवरच गेली. म्हणून सविस्तर लिहितो.

नक्कल नाही. गैरसमज होतो तो बाहेरच्या रूपामुळे. दोन्ही विमानांचे पंख सरळ, दोन्हींत बैठक शेजारी शेजारी आणि दोन्हींत व्हायपर इंजिन. पण हे व्हायपर मुळात प्रशिक्षण विमानासाठी जन्मलंच नव्हतं. आर्मस्ट्राँग सिडली कंपनीने ते जिंडिविक नावाच्या बिनवैमानिकाच्या लक्ष्य-विमानासाठी बनवलं होतं. तोफांच्या आणि क्षेपणास्त्रांच्या सरावात जे विमान पडणारच, त्याचं इंजिन, म्हणून त्याचं आयुष्यही मोजक्या तासांचं धरलेलं. पण ते इतकं साधं आणि दणकट निघालं की सुधारून ते माणसांच्या विमानांत बसवायला लागले. इटलीच्या मॅकी एमबी-३२६ मध्ये तेच, युगोस्लाव्हियाच्या गालेबमध्ये तेच. त्यांना कुणी जेट प्रोव्होस्टची नक्कल म्हणत नाही. मग किरणलाच का म्हणायचं?

आता कॉकपिट बघा. जेट प्रोव्होस्टची काच मागे सरकते, किरणची वर उचलली जाते. याहून महत्त्वाचा फरक डोळ्यांना दिसत नाही. किरणचं कॉकपिट पहिल्यापासून दाबयुक्त, म्हणजे उंचीवर गेल्यावरही आत हवेचा दाब राखणारं होतं. जेट प्रोव्होस्टला ही सोय टी-५ या प्रकारात मिळाली, आणि त्याचं पहिलं उड्डाण १९६७ चं. किरण १९६४ मध्येच उडालं होतं.

आणि ते कुणी घडवलं हे तर आपल्या लोकांना माहीत असायलाच हवं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपूचे डॉ. विष्णू माधव घाटगे. जर्मनीत गॉटिंगेनला त्यांनी लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली. पंखाच्या पृष्ठभागाला चिकटून वाहणाऱ्या हवेच्या पातळ थराचं, म्हणजे सीमास्तराचं, शास्त्र उभं करणारे तेच हे प्रांटल. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० मध्ये बंगळूरला विमान कारखाना काढला, तिथे घाटगे रुजू झाले. १९५१ च्या ऑगस्टमध्ये त्यांचं एचटी-२ हे पंख्याचं प्रशिक्षण विमान आकाशात गेलं. त्याच परंपरेतलं पुढचं पाऊल म्हणजे एचजेटी-१६, आपलं किरण.

किरणचा आराखडा १९५९ च्या सुमारास सुरू झाला, पण काम रेंगाळलं. त्याच आवारात कुर्ट टँक या जर्मन अभियंत्याच्या मारुत लढाऊ विमानावर माणसं आणि यंत्रसामग्री जुंपलेली होती, आणि दोन्ही प्रकल्पांना पुरेल एवढं अनुभवी मनुष्यबळ देशात होतंच कुठे? शेवटी ४ सप्टेंबर १९६४ रोजी चाचणी वैमानिक सुरंजन दास यांनी किरण पहिल्यांदा उडवलं. मारुतचं पहिलं उड्डाणही १९६१ च्या जूनमध्ये त्यांनीच केलं होतं. हवाई दलाला किरण मिळू लागलं १९६८ पासून.

आता तुमचा दुसरा प्रश्न, दोघं शेजारी शेजारी का बसतात. शिक्षक मागे बसला तर त्याला विद्यार्थ्याच्या डोक्याचा मागचा भागच दिसतो. शेजारी बसला की दिसतं, पोरगा स्टिक, म्हणजे विमान वळवायचा दांडा, घट्ट आवळून बसलाय, त्याची नजर समोरच्या एकाच मापकावर खिळलीय. बोट दाखवून चूक सांगता येते. आपल्याकडे त्याआधी व्हॅम्पायर टी-५५ या प्रशिक्षण जेटमध्येही हीच बैठक होती. बदल्यात विमानाचं नाक रुंद होतं आणि हवेचा अडथळा वाढतो, पण शिकवण्याच्या विमानाला वेगाची तेवढी निकड नसते. किरणच्या पहिल्या प्रकाराचा वेग ताशी ७०० किलोमीटरच्या आतलाच होता.

पुढच्या भेटीत तुमच्यासमोरचं किरण कोणत्या प्रकारचं आहे ते ओळखून बघा. नाकात दोन मशीनगन आणि प्रत्येक पंखाखाली शस्त्रं टांगायला दोन जागा असतील, तर ते मार्क २. त्यात व्हायपर नसून ऑर्फियस इंजिन असतं. नॅट लढाऊ विमानासाठी ऑर्फियस बंगळूरलाच बनत होतं, त्यामुळे ते हाताशी होतं. नुसती ताकदच वाढली असं नाही, आवाजही बदलला. धावपट्टीकडे पाठ करून उभे असलो तरी कोणतं किरण निघालंय हे आम्हाला कळायचं. व्हायपरची कर्कश शिट्टी एकदा कानात बसली की जात नाही.

१९९६ मध्ये बिदरला सूर्यकिरण हे हवाई दलाचं कसरती दाखवणारं पथक उभं राहिलं ते मार्क २ वरच, आणि त्याच्या नावातही हेच विमान आहे. नऊ विमानं एकमेकांना खेटून उडवणारे हे सगळे मुळात शिक्षक. २०११ मध्ये पथक थांबवावं लागलं, कारण शिकवायलाच विमानं कमी पडत होती. त्याआधी २००९ मध्ये दीपक हे प्राथमिक विमान जमिनीवर बसवलं होतं. २०१३ मध्ये पिलाटस हे स्विस प्राथमिक विमान येईपर्यंत नवशिक्या पोरांचं पहिलं उड्डाणही किरणवर होऊ लागलं. मधल्या टप्प्यासाठी बांधलेल्या जेटने पहिलीचा वर्गही सांभाळला. किरणची जागा घेणारं सितारा २००३ मध्ये उडालं खरं, पण स्पिनमधून, म्हणजे गिरकी घेत कोसळण्यातून, ते हुकमी बाहेर यावं यासाठी वर्षानुवर्षं झगडावं लागलं. किरणवर तीच स्पिन मुद्दाम घालून शिकवत होते. त्यामुळे किरणची निवृत्ती पुढे ढकलली जात राहिली, आणि जुन्या सांगाड्यांना उडतं ठेवायचं काम आमच्यासारख्यांकडे आलं. त्या कामाचा मला आजही अभिमान आहे.

लेकीला घेऊन पुन्हा गेलात की पंखाच्या मुळाशी, हवा आत जाते त्या तोंडापाशी तिला उभं करा. तिथून इंजिनाकडे जाणारी वाट दाखवा आणि घाटग्यांचं नाव सांगा. मग जुन्या विमानतळ रस्त्याने शहराकडे परतताना उजव्या हाताला लक्ष असू द्या. एका रस्त्याला सुरंजन दास यांचं नाव आहे. १० जानेवारी १९७० रोजी मारुतच्या चाचणी उड्डाणात ते गेले.