उमेदवारीण म्हणजे नेमकी कोण?

नागपुरातल्या सक्करदऱ्याहून एका बाईंनी विचारलंय: गल्लीत प्रचाराचा ऑटो फिरतो आणि त्यावरचा भोंगा उमेदवाराच्या बायकोला 'उमेदवारीणबाई' म्हणतो. शेजारचे काका म्हणतात, हे चूक. उमेदवारीण म्हणजे स्वतः उभी राहिलेली बाई. खरं कोणाचं?

दोघांचंही. पाटलाची ती पाटलीण, सुभेदाराची ती सुभेदारीण. पद नवऱ्याचं, मान हिला. मास्तरीण मात्र शाळेत शिकवणारीही असते आणि मास्तरांच्या घरचीही. मराठी 'ईण'ला दोन्ही चालतं. संस्कृतात हिशेब चोख होता: आचार्याची बायको ती आचार्यानी, स्वतः शिकवणारी ती आचार्या. त्यावरून इथले एक प्राध्यापक स्त्री उमेदवाराला 'उमेदवारा' म्हणा असा आग्रह धरून बसलेत. फारसी शब्दाच्या खांद्यावर पाणिनीचं उपरणं! असो.

माझं डोकं फिरतं ते वेगळ्याच गोष्टीने. 'उमेदवारी मिळाली', 'उमेदवारी कापली' हे ऐकून ऐकून लोकांना वाटायला लागलंय की उमेदवारी म्हणजे पक्षाचं तिकीट. अहो, तिकिटाला तिकीट म्हणा ना! उमेद म्हणजे आशा. त्याला 'वार' हा फारसी प्रत्यय लागला, ती बाळगणारा या अर्थाने. शोकात बुडालेला तो 'सोगवार', तसा आशा धरून बसलेला तो उमेदवार. वर सांगितलेले प्राध्यापक हा 'वार' वार लावून जेवण्यातला आहे असं छातीठोक सांगतात. गोष्ट गोड आहे, पण व्युत्पत्ती अशी भुकेवर ठरत नसते. आणि बर्डीवरच्या फलकांवरचं हिंदी 'प्रत्याशी' ज्यांना फार शुद्ध वाटतं, त्यांनी तो शब्द फोडून पाहावा: प्रति अधिक आशा. नुसती उमेदच, सोवळं नेसलेली.

आता खरी मजा. मराठीत 'उमेदवारी करणे' याचा जुना अर्थ निवडणूक लढवणे नव्हेच. पुढे कधीतरी जागा मिळेल या आशेवर कचेरीत बिनपगारी किंवा किरकोळ पैशांवर राबणे, ही उमेदवारी. सरकारी मराठीने हा अर्थ अजून जपलाय: १९६१ च्या कायद्याखाली कारखान्यात काम शिकणारा पोरगा आजही 'शिकाऊ उमेदवार'च असतो.

या अर्थाने पाहा, निवडणुकीत उमेदवारी करतं कोण? नवरा निवडून आला तर त्याला खुर्ची आहे, मानधन आहे. बायको महालातल्या बोळांतून दारोदार पत्रकं वाटते, ओसरीवर बसून अर्धा कप चहा घेते, 'मागच्या वेळी आले होते, मग फिरकले काहून नाही?' हे नवऱ्याच्या वाटणीचं ऐकून घेते. पद नाही, पगार नाही, नुसती आशा. माझं तर ठाम मत आहे की शब्दाच्या मूळ अर्थाने उमेदवार तीच, आणि तो तिचा नवरा. व्याकरणवाल्यांनी खुशाल भांडावं.

तपासणीतही ती मागे नाही. विधानसभा-लोकसभेच्या अर्जांची छाननी, कायद्याप्रमाणे, अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशी होते. हिची मतदानापर्यंत चालते. पदर डोक्यावर होता का, साडी भारी नेसली की मुद्दाम साधी, हसली तर का हसली, गप्प बसली तर गर्विष्ठ! नमुना २६ च्या शपथपत्रात उमेदवाराबरोबर पती किंवा पत्नीचीही मालमत्ता आणि देणी लिहावी लागतात, दागिन्यांचं वजन आणि किंमतही. त्याला माझी हरकत नाही. मतदाराला ते कळायलाच हवं. पण मग इतवारीच्या सराफ्यात 'वहिनींकडे एवढंच?' अशी चर्चा रंगते, तिला कोणता नमुना म्हणायचं?

हं, प्रश्न राहिलाच. भोंग्यावर उमेदवारीणबाई चालेल, काकांना सांगा. स्वतः उभी असेल तिला मात्र सरळ उमेदवार म्हणा, म्हणजे घोटाळा नको. आणि पत्रकावर छापणार असाल तर 'उमेदवारीण'मध्ये री दीर्घ, 'उमेदवारिणीला'मध्ये ऱ्हस्व. मालकीण, मालकिणीला, तसंच.